धावपट्टीवर कोण?

मेहकर,
२७ ऑगस्ट १९६१

चि. लक्ष्मीकांतास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू साहेब झाल्यापासून बहिणीला पत्र लिहायला तुला कारकून मिळत नाही, असं दिसतं. असो. मीही कामापुरतंच लिहिते आहे. शाळेतून आलं की पाठ टेकावीशी वाटते, आणि इथे महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. सासूबाई पाटावर बसून सांगतात, मी करते. सोळा भाज्या कोणी ठरवल्या, त्या माणसाने कधी एक तरी निवडली होती का, हे मला एकदा विचारायचं आहे.

कामाचं असं. आमच्या वैजनाथभाऊजींना बुलढाण्याच्या एका वकिलांची मुलगी सांगून आली आहे. सुलभा नाव. मॅट्रिक झाली आहे, शांत आहे, आणि मुख्य म्हणजे विमानतळावरची नोकरी त्या घराला चालते. नाहीतर आमचे दीर विमानतळावर आहेत म्हटलं की लोक विचारतात, "मग खाली कधी येतात?" महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती मंडळी येणार, आणि भाऊजींचं पत्र आलं की रजा मिळत नाही. सासूबाईंचं दिवसभर एकच चाललं आहे, "लक्ष्मीकांत साहेब हाये न तिथं, मंग पोराले रजा काऊन नाही देत?"

माझ्या शब्दावर तू भाऊजींना हाताखाली घेतलंस. आता माझ्याच शब्दावर त्यांना चार दिवस सोड. एवढी विमानं तुझ्या सांगण्यावरून खाली येतात, एक दीर मेहकरला येऊ दे. काहीतरी जमव.

तुझी,
शैलजाताई

•

विमानतळ वसाहत,
३ सप्टेंबर १९६१

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुला वाटतं मी साहेब आहे. माझ्यावर मोठे साहेब आहेत, त्यांच्यावर दिल्ली आहे, आणि दिल्लीच्या वर कोण ते कोणालाच माहीत नाही. विमानांना वाट दाखवायला टॉवरवर जेवढी माणसं हवीत त्याच्या निम्मी आहेत. मी माणसं मागत पत्रं पाठवतो, ते पोचल्याच्या पावत्या पाठवतात. काचेतून आकाशाकडे बघून बघून सगळ्यांचे डोळे लाल झाले आहेत. रजा द्यायची कुठून?

तरी वैजनाथ येईल. आम्ही इथे एक रीत पाडली आहे. ज्याला गावी जायचं असेल त्याने आधी सकाळची आणि संध्याकाळची पाळी सलग करायची. तो दुसऱ्याची पाळी भरून ठेवतो, म्हणजे तो गेला की दुसरा त्याची भरतो. नियमात हे बसत नाही. मोठ्या साहेबांना हे माहीत आहे. फक्त सही करताना माहीत नसतं. सगळी लांबच्या मुलखातली पोरं. आपल्या माणसाला आपण सांभाळून घ्यायचं नाही तर कोणी?

आपल्या वडनेर भोलजीचा पुंजाजी मजेत आहे. त्याला इथे आणून धावपट्टीच्या बत्त्यांवर लावलं ते बरं झालं. दिवेलागणीला धावपट्टीच्या दोन्ही कडांनी रॉकेलच्या बत्त्या लावत जातो. टॉवरवरून हिरवा दिवा दिसल्याशिवाय पाऊल टाकत नाही. वैजनाथ कधी कधी गमतीने दिवा दाखवायला उशीर करतो, तर हा पावसातसुद्धा कडेला उभाच. मग वर येऊन म्हणतो, "भाऊ, तुमी बत्ती देल्याबिगर मी जात नसतो, रात झाली तरी." त्याच्या मनकर्णाला कोणी भेटलं तर सांग, दिवाळीला येतो म्हणाला आहे.

तुझा,
लक्ष्मीकांत

•

मेहकर,
२० सप्टेंबर १९६१

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

भाऊजी आले. ठरल्या दिवशी, जेवणाच्या वेळेला आले. आंघोळ करून पंगतीला बसले आणि पुरणपोळीकडे बघत राहिले. बुलढाण्याची मंडळी समोरच होती. सुलभाच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, विमानं उतरवायची म्हणजे मोठी जोखमीची नोकरी असेल. भाऊजी म्हणाले, "माझी नोकरी आता राहील असं वाटत नाही. तुम्ही दुसरीकडे बघा." आणि उठले. भरल्या पानावरून उठले, तेही महालक्ष्म्यांसमोर. सासूबाईंनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे, जणू मीच त्यांना उठवलं.

मंडळी गेल्यावर मी माडीवर गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढंच म्हणाले, "वहिनी, पुंजाजी गेला." कसा, ते विचारलं तर म्हणाले, "लक्ष्मीकांतला विचार."

म्हणून विचारते आहे. आपल्या गल्लीतला माणूस, लहानपणी तुला खांद्यावर बसवून शिवारातून फिरवणारा, तो गेला आणि तू मला एक कार्डसुद्धा टाकलं नाहीस. काय झालं आहे?

ताई

•

विमानतळ वसाहत,
२७ सप्टेंबर १९६१

ती. ताईस नमस्कार.

लिहिणार होतो, हात झाला नाही. दुर्दैवी अपघात झाला. तिसऱ्या प्रहरी टपालाचं विमान उतरत असताना पुंजाजी धावपट्टीवर होता. परवानगी न घेता तो धावपट्टीवर गेला असं प्राथमिक तपासात दिसतं आहे. विमानाला फारसं काही झालं नाही. आतल्या लोकांना तर विमानातून उतरेपर्यंत कळलंही नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस चौकशी आहे. बाहेरचे अधिकारी येणार. मोठ्या साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की सगळ्यांची जबानी एक आली तर कोणाचीही नोकरी जाणार नाही. वैजनाथ मनाने हळवा आहे, नको ते बोलून बसेल, म्हणून त्याला गावी पाठवून दिला. त्याला विश्रांती दे. आणि एवढं समजावून सांग, की त्याने दिवा दाखवला होता की नाही हे आता फक्त त्यालाच माहीत आहे. पुंजाजी तर परत येत नाही. गेलेल्या माणसाला कोणी कामावरून काढत नाही, ताई. जिवंत माणसाला काढतात.

हे मी तुझ्या घरासाठीच करतो आहे, हे लक्षात घे. मी फार दमलो आहे. यावर जास्त विचारू नकोस.

लक्ष्मीकांत

•

मेहकर,
९ ऑक्टोबर १९६१

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

विचारू नकोस म्हणालास, म्हणून तुला विचारलं नाही. वडनेरला जाऊन आले. मेहकरहून खामगाव, खामगावहून नांदुरा, आणि पुढे ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून. कंबर अजून धरली आहे. या वयात मी माहेरी अशी जाईन असं वाटलं नव्हतं.

मनकर्णा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून रडली नाही. तिने सूप बाजूला सरकवलं आणि जागा करून दिली. तिचा दीर रंगराव खाटेवर होता. तोच बोलायला लागला, "सरकारी कागद आला बाई. बिनइचारता गेला म्हणते थो. चूक त्याचीच निंगाली, मंग आता कोनाले बोलता?" गावात तर त्याच्याही पुढची गोष्ट झाली आहे. पाराच्या कट्ट्यावर बोलतात की पुंजाजी पिऊन होता. गळ्यात माळ घालणारा माणूस! कागद एका ओळीचा होता, बाकीचं गावाने भरलं.

रंगराव उठून गेल्यावर मनकर्णा म्हणाली, "बाई, मले पैसे नाही पाह्यजे, काही नाही पाह्यजे. मले एकच सांगा. त्यायले बत्ती देली व्हती का नाही? घरात बी मले इचारल्याबिगर ताक घेत नव्हता थो मानूस. थो इतल्या मोठ्या रस्त्यावर बिनइचारता जाईन काय?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणाली, "मंग ज्याले माहीत हाये त्याले इचारा. मी इथंच हावो."

परत आल्यावर मी भाऊजींपुढे जाऊन बसले. तू सांगितलेलं समजावलं नाही. मनकर्णाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मग ते बोलले.

ते म्हणाले, हिरवा दिवा दिला होता. सकाळची पाळी संपता संपता त्यांनी स्वतःच दिला होता. ढग भरून आले होते, म्हणून पुंजाजी बत्त्या लवकर लावायला निघाला. एरवी पाळी बदलताना नवा आलेला माणूस जुन्याला विचारतो: वर कोण आहे, खाली कोण आहे, धावपट्टीवर कोण आहे. जुना सांगतो, मगच उठतो. त्या दिवशी संध्याकाळची पाळीही भाऊजींचीच होती. ते खाली जाऊन तोंड धुऊन आले आणि त्याच खुर्चीत परत बसले. स्वतःकडून स्वतःच पाळी घेतली. विचारणारं कोणी नव्हतं आणि सांगणारंही कोणी नव्हतं. टपालाच्या विमानाने उतरू का म्हणून विचारलं, यांनी उतर म्हणून सांगितलं. पुंजाजी तेव्हा एका कडेच्या बत्त्या संपवून दुसऱ्या कडेला जात होता.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी विसरलो असं म्हणता येत नाही. मला कोणी विचारलंच नाही, आणि मी मला विचारलं नाही."

मला टॉवरमधलं काही कळत नाही. पण शाळेत वर्ग एका बाईकडून दुसरीकडे जातो तेव्हा आमच्या हेडमास्तरीण दारात उभ्या राहतात. तुमच्याकडे पाळी बदलताना वर कोणी उभं राहायचं असतं की नाही? हे विचारलं तर भाऊजी उठून माडीवर गेले. तू कुठे होतास, लक्ष्मीकांता?

ताई

•

विमानतळ वसाहत,
१६ ऑक्टोबर १९६१

ती. ताईस,

हो, उभं राहायचं असतं. मीच उभं राहायचं असतं. ते माझंच काम आहे.

मी मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर चहाला होतो. गेलं वर्षभर पाळी बदलताना मी वर जातच नव्हतो. माणसं आपली, ओळखीची, कामाची. वर जाऊन काय बघायचं असं वाटायचं. खरं सांगायचं तर वर गेलो की कोणाची दुसरी पाळी चालू आहे ते दिसायचं, आणि दिसलं की काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून जात नव्हतो. झालं तुझं समाधान?

आता माझंही ऐक. एकट्या वैजनाथला मी दोन पाळ्या दिल्या नाहीत, सगळ्यांना दिल्या. आणि मी एकटाच देतो असंही नाही, सगळीकडे हेच चालतं. माणसं द्यायची नाहीत आणि विमानं वाढवायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कोण विचारणार आहे? सगळं खापर मी माझ्या डोक्यावर का फोडून घ्यायचं? आणि रागावू नकोस, पण "काहीतरी जमव" हे तुझेच शब्द आहेत. मी जमवलं.

मी एक तोड काढली आहे. वैजनाथने सांगावं की दोन पाळ्यांची अदलाबदल त्याने परस्पर केली, मला कल्पना नव्हती. तो तरुण आहे, एकटा आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल. माझी बढती तोंडावर आहे. मी जागेवर राहिलो तर उद्या त्याच्यासाठी काही करू शकेन. दोघंही बुडण्यात शहाणपण नाही. तू सांगितलंस तर तो ऐकेल, तुझा शब्द तो मोडत नाही.

चौकशी संपली की भाऊबीजेला मेहकरला येतो. समोरासमोर बोलू. पत्रात सगळं कडू होतं.

लक्ष्मीकांत

•

मेहकर,
२३ ऑक्टोबर १९६१

चि. लक्ष्मीकांता,

तुझं पत्र मी भाऊजींना वाचायला दिलं. मला तोंडाने सांगायची लाज वाटली. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरं. तसं सांगतो." रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. काल बसने गेले. सासूबाईंनी शिदोरी बांधून दिली आणि मग देवघरात जाऊन बसल्या. मला त्यांचा कधी नव्हे तो कळवळा आला.

तू खरं लिहिलंस ते मला लागलं, कारण ते खरं आहे. मीच लिहिलं होतं जमव म्हणून. आपल्या माणसासाठी नियम थोडा वाकवायचा यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट तू वाकवला नसतास तर मी तुला माणुसकी शिकवली असती. मी काय, आपण सगळेच असे आहोत. साहेब आपला असला की आपल्याला घर मिळाल्यासारखं वाटतं. त्या घरात पुंजाजी कुठे उभा आहे हे मी पाहिलं नाही. मला आठ-दहा दिवस झोप नाही, तुला सांगते.

म्हणून चौकशीत माझंही नाव घे. सांग, की बहिणीने रजा मागितली, मी दुसरी पाळी दिली, आणि मी वर गेलो नाही. भाऊजींच्या तोंडून खोटं वदवून तू त्यांच्यासाठी पुढे काय करणार आहेस? जो माणूस आज एक जिना चढला नाही, तो उद्या मोठ्या खुर्चीत बसून चढेल? तुझ्यावर जे आहेत त्यांनाही विचारलं पाहिजे, ते मला मान्य आहे. पण त्यांना विचारायला कोणीतरी आधी स्वतःचं सांगितलेलं असावं लागतं.

भाऊबीजेला येतो म्हणतोस. ये. पण आधी वडनेरला उतर. मनकर्णाने एक प्रश्न विचारला आहे आणि ती ओसरीवर बसून आहे. तिला उत्तर दे आणि मग माझ्या पाटावर येऊन बस. तिला न सांगता आलास तर मी तुला जेवू घालीन, ओवाळणार नाही.

ताई

•

वडनेर भोलजी,
९ नोव्हेंबर १९६१, पाडवा

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्ता बघून तुला कळलं असेल. रंगरावच्या खाटेवर बसून लिहितो आहे; आजच मेहकरकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती देतो.

चौकशीची खोली लहान होती. वैजनाथला माझ्या आधी बोलावलं. दुसरी पाळी कोणाच्या परवानगीने, असं विचारल्यावर तो म्हणाला, "माझी मीच घेतली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ठरलेली जबानी पाठ करून आलो होतो. पण मला त्यांनी पहिलाच प्रश्न तुझा विचारला: पाळी बदलताना तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, चहाला. कोणाकडे? मोठे साहेब माझ्या शेजारीच बसले होते. मी त्यांचं नाव सांगितलं, आणि मग थांबता येईना. दोन पाळ्यांची रीत माझी आहे म्हणालो. वैजनाथला मीच बसवला, हिरवा दिवा दिला गेला होता, पुंजाजी विचारल्याशिवाय गेला नव्हता, सगळं सांगितलं. माणसांसाठी पाठवलेल्या पत्रांचंही सांगितलं. तुझं नाव घेतलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, बहिणीचा इथे संबंध नाही. लिहून घेतलं नाही.

मोठे साहेब उठून म्हणाले, दोन पाळ्यांची पद्धत मला आजच कळते आहे. ते मात्र लिहून घेतलं.

वैजनाथला पुन्हा टॉवरवर बसता येणार नाही. तो मेहकरला येतो आहे. सासूबाईंना सांग, त्याला बोलू नका. मला घरी बसवलं आहे, पुढे काय ते कळवतील. मोठ्या साहेबांची बदली झाली, याहून मोठ्या विमानतळावर. निरोपसमारंभाला हार होते म्हणे. मला आता रागही येत नाही, ताई. रागाला सुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

काल नांदुऱ्याला उतरून इथे आलो. वाटेत गावातल्याच उत्तमरावांच्या बैलगाडीत बसलो, तर त्यांनी ओळखून विचारलं, "दिवाळीले आले काय साहेब?" मी हो म्हटलं. मनकर्णा ओसरीवर होती. मी म्हटलं, "वहिनी, बत्ती दिली होती." तिने विचारलं, "मंग त्यायचं काही चुकलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही. आमचं चुकलं. माझं चुकलं." मला वाटलं आता ती रडेल, शिव्या देईल, हाकलून देईल. मी त्याच्या तयारीने आलो होतो.

तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे मले कानात सांगून काय होते साहेब? माह्या मानसाले पेताड म्हनलं, थे काही कानात नव्हतं म्हनलं. चाला."

मला पारावर घेऊन गेली. रंगरावला पुढे घातलं. तिथे माणसं होती, माणिकराव पाटील होते, आपल्या लहानपणचे कितीतरी जण होते. ती म्हणाली, "आता सांगा." मी उभा राहून सांगितलं. मागच्या एका म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही, तर तिने मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. परत येताना मनकर्णा माझ्या पुढे चालत होती. घरी येऊन तिने भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. मी जेवलो.

माझी समजूत होती की आज सकाळच्या गाडीने निघून उद्या तुझ्या पाटावर बसेन. पण निघालो तसं तिने अडवलं. उद्या इथला बाजार आहे. आजूबाजूच्या सगळ्या गावांची माणसं येतात, आणि पुंजाजीचं नाव तिथेही बिघडलं आहे असं ती म्हणते. "थितं बी सांगा लागते तुमाले," एवढंच म्हणाली, आणि माझी पिशवी आत नेऊन ठेवली.

म्हणून उद्या भाऊबीजेला माझी वाट पाहू नकोस.

तुझा,
लक्ष्मीकांत